नदीकाठच्या रानात कुत्र्याचा पट्टा सोडावा का? (गाढी नदी, नेरे-धोदाणी बाजू)

सानपाड्याची_सई | रविवार, रात्री ९:४०

आमच्याकडे खंडू आहे, देशी, दोन वर्षांचा, सोसायटीच्या गेटवरून उचलून आणलेला. रोज पाम बीच रोडच्या बाजूला पट्ट्याने फिरतो, कंटाळलाय तो आणि आम्हीपण. म्हणून आज पहाटे उठून पनवेलमार्गे नेरे, तिथून पुढे गाढेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला धोदाणीच्या दिशेने गेलो. समोर माथेरानची भिंत, खाली गाढीचं पात्र, दोन्ही काठाला करंज आणि उंबर, पाणी अजून बऱ्यापैकी वाहतंय. माणूस दिसेना तेव्हा मी पट्टा सोडला.

पहिली वीस मिनिटं स्वर्ग! पाण्यात बसला, दगड चावले, शेपटी नुसती पंख्यासारखी. मग एकदम कान टवकारले आणि कशाच्या तरी मागे जो सुटला तो चाळीस मिनिटं गायब. मी "खंडू खंडू" करून घसा बसवून घेतला, नवरा एका बाजूला मी दुसऱ्या बाजूला. शेवटी आपणच आला, जीभ गुडघ्यापर्यंत, अंगभर कुसळं. मी इतकी घाबरलेले की आल्या आल्या दोन धपाटे घातले आणि ओरडले.

आता नवरा म्हणतो परत पट्टा सोडायचा नाही, विषय संपला. माझं म्हणणं, मग एवढ्या लांब जायचंच कशाला, पट्ट्याने तर सानपाड्यातही फिरतो. तुम्ही काय करता? आणि ठाणे-नवी मुंबईच्या आसपास नदी आणि झाडी असलेल्या कुठल्या जागा आहेत जिथे कुत्रं नेता येतं?

घोडबंदरी | रविवार, रात्री १०:०५

नवऱ्याला +१. पट्टा सोडायचा नाही.

आणि जागा शोधताना येऊर यादीतून काढून टाका. आमच्या इथले निम्मे लोक समजतात की येऊर म्हणजे ठाण्याची मोठी बाग. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे हो, तिथे पाळीव कुत्रं न्यायला परवानगी नाही. आम्ही नवीन असताना आमच्या लॅबला (लॅब्रॅडॉर) घेऊन गेलेलो, फाटकावरूनच परत पाठवलं, तेव्हा राग आला, आता वाटतं बरं झालं.

पावशेर | रविवार, रात्री १०:११

पार्किंग कुठे केलंत?

उगाच | रविवार, रात्री १०:३०

देवाचं नाव कुत्र्याला? खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं, तुम्ही थेट वरच्या जागेवर बसवलंत त्याला. दिवे घ्या, गंमत करतोय.

सानपाड्याची_सई | रविवार, रात्री १०:३४

@उगाच, खंडोबा नाही, खंड्या पक्ष्यावरून. लहान असताना पाण्याच्या बादलीकडे तासन् तास टक लावून बसायचा.

वाट_वाकडी | सोमवार, सकाळी ७:२०

सई, पट्ट्याचं नंतर बोलू, आधी ते धपाट्यांचं. चाळीस मिनिटांनी का होईना तो आपणहून परत आला आणि आल्यावर त्याला मार पडला. त्याच्या डोक्यात काय बसलं असेल? "पळालो म्हणून मार" नाही, तेवढं मागचं तो जोडत नाही. "आईजवळ गेलो की मार" हे बसलं. पुढच्या वेळी तो पन्नास फुटांवर येऊन थांबेल आणि तुम्ही पुढे गेलात की मागे सरेल. माझ्या पहिल्या कुत्रीला मी असंच बिघडवलंय म्हणून सांगते.

दात ओठ खाऊन का होईना, परत आलेल्या कुत्र्याचं कौतुकच करायचं. खिशात उकडलेल्या चिकनचा तुकडा. रडायचं ते गाडीत बसल्यावर.

आणि हाक. "खंडू खंडू" तुम्ही दिवसभर म्हणता, जेवायला, आंघोळीला, शिव्या द्यायला. त्याला काय कळणार आत्ताचं खंडू कुठलं. परत ये साठी एक वेगळा आवाज ठेवायचा, तो दुसऱ्या कशालाच वापरायचा नाही. मी पोलिसांची असते तसली शिट्टी वापरते. घरात महिनाभर शिट्टी वाजली की चिकन, मग जिन्यात, मग मैदानात, आणि शेवटी रानात.

सीवूड्सची_सावली | सोमवार, सकाळी ८:०२

आमचा बीगल मराठीत "ये" म्हटलं की ढिम्म हलत नाही, "कम" म्हटलं की येतो. सासूबाई म्हणतात कॉन्व्हेंटचा आहे.

उगाच | सोमवार, सकाळी ८:१५

बीगल "कम" म्हटल्यावर येतो?? फोटो टाका, तो बीगल नसणार.

डॉ_शेपूट | सोमवार, दुपारी २:१०

व्यवसायाने प्राण्यांची डॉक्टर आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, त्यामुळे विस्कळीत होईल.

सई, अंगभर कुसळं लिहिलंय म्हणून घाबरून लिहितेय, आज रात्री त्याला दिव्याखाली आडवा घ्या. वरवरची फणीने निघाली असतील, ती नव्हे. प्रत्येक पंजाची बोटं फाकवून मधली कातडी बघा, कानाच्या आत बघा, काखेत बघा. कुसळाला उलटे काटे असतात, ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी माझ्याकडे दर आठवड्याला एक तरी असा येतो, पंजाला दोन बोटांच्या मध्ये बेडकाएवढी सूज, मालक म्हणतो काहीतरी चावलं, आणि चिरा दिला की आतून दीड इंचाचं कुसळ निघतं, तीन आठवड्यांपूर्वीच्या सहलीचं. कानात गेलं तर कुत्रं डोकं एका बाजूला वाकडं धरून झटकत राहतं. तसं दिसलं तर घरी तेल वगैरे ओतू नका, घेऊन या.

दुसरं गोचीड. नदीकाठी गुरं येतात, तिथे गोचीड असतेच. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल नको, काडेपेटी तर नकोच. पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, खाणं सोडणं, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासायचं, प्लेटलेट बघायच्या. "उद्या बघू" मध्ये कुत्री जातात. आणि माणसांची अंगदुखीची गोळी देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याची किडनी जाते.

तिसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत आलं की झालं. लेप्टोचं इंजेक्शन दर वर्षी लागतं, एकदा दिलं की संपलं असं नाही. वाहत्या पाण्यात धोका कमी, कडेच्या डबक्यात जास्त, आणि कुत्रं नेमकं डबक्यातलंच पितं. घरून पाणी न्या.

सानपाड्याची_सई | सोमवार, रात्री ८:५५

डॉक्टर!!! मागच्या डाव्या पंजात दोन निघाली. एक अर्धं आत गेलेलं. नवऱ्याने धरलं, मी मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून चिमट्याने काढलं. खंडूने हुं की चूं केलं नाही, नवरा मात्र ओरडला.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, कुत्र्याच्या पंजातलं बापजन्मात दिसलं नसतं मला.

तळोजा_फेज_टू | सोमवार, रात्री ९:३०

तुमची गाढी बरी हो. आमच्याकडे पण नदी आहे, कासाडी, पण तिच्यात कुत्रं गेलं तर रंग बदलून येतं. मस्करी नाही, २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याची निळी कुत्री पेपरात आलेली आठवतायत का? एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा रंग पाण्यात, आणि बिचारी खाणं शोधत त्या पाण्यात उतरायची. परदेशी पेपरात फोटो छापून आले. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. माझ्या भाचीने तेव्हा विचारलेलं, मामा निळा कुत्रा घेऊया ना.

त्यामुळे माझा नियम एकच, नदी कारखान्यांच्या वरच्या अंगाला असली तर उतरायचं, खालच्या अंगाला असली तर गाडीतूनच नमस्कार.

उल्हासित | सोमवार, रात्री ९:५२

उल्हासचं पण तेच. राजमाचीच्या डोंगरात उगम, कर्जत-नेरळपर्यंत सुंदर, बदलापूरला बरी, कल्याणकडे आली की जलपर्णी. एकदा आमच्या लॅबने जलपर्णीला लॉन समजून धावत येऊन उडी मारली. एक सेकंद कुत्रा दिसेना. मग मध्येच हिरव्या गालिच्यातून एक काळं डोकं वर, डोक्यावर जांभळं फूल. आम्ही हसून हसून मेलो आणि मग लक्षात आलं त्याला पोहता येईना, पाय मुळांत अडकतायत. छातीभोवतीचा हार्नेस होता म्हणून काठीने ओढून काढला. नुसता गळपट्टा असता तर गळाच आवळला असता.

पावशेर | सोमवार, रात्री ९:५८

हार्नेसला +१. पार्किंगचं कोणी सांगेल का?

घोडबंदरी | सोमवार, रात्री १०:२०

बिबट्याबद्दल कोणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झालाय, त्यात जवळपास ४० टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे आपण ज्याला बाळ म्हणतो तो त्यांचा चालता डबा. उपवनच्या वरच्या सोसायट्यांत संध्याकाळी पट्ट्याने फिरवणारेसुद्धा मागे बघत चालतात.

आणि उलटी बाजूपण आहे. आपल्या कुत्र्यांकडून जंगलात रोग जातात. २०१८ ला गीरमध्ये महिन्याभरात वीसच्या वर सिंह मेले, त्यात डिस्टेंपर सापडला, हाच रोग कुत्र्यांना होतो. त्यामुळे "आमचा चावत नाही हो" हे उत्तर जंगलात चालत नाही.

उगाच | सोमवार, रात्री १०:३१

मुळात ही भटकी कुत्री पकडून

(प्रशासक: पुढचा मजकूर आणि त्यावरचे सतरा प्रतिसाद उडवले आहेत. भटक्या कुत्र्यांसाठी वेगळे चार धागे आहेत, तिथे भांडा. इथे फिरवण्याबद्दल लिहा.)

गवती_चहा | मंगळवार, सकाळी ११:४०

मी सहसा वाचनमात्र असते पण हे लिहावंसं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही याच पट्ट्यात गेलो होतो, जागा नक्की सांगत नाही कारण पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते आणि आम्ही तरी गेलो होतो, चूक आमची. आमची माऊ (हो कुत्रीचं नाव माऊ) ओढा ओलांडून पलीकडच्या खडकावर गेली, गुडघाभर पाणी होतं, ऊन पडलं होतं. मी चहाचा थर्मास उघडत होते. पाण्याचा आवाज बदलला एवढंच आठवतं, आधी वाहत होतं ते घुमायला लागलं. वर बघितलं तर माथेरानचा कडा ढगात गेलेला, पाऊस तिकडे, आमच्याकडे थेंब नाही. दोन मिनिटांत पाणी लाल झालं आणि कमरेइतकं. माऊ पलीकडे.

ती येऊ बघत होती. एक पाय पाण्यात घालायची आणि मागे घ्यायची. मी इकडून "थांब" ओरडत होते, मग मी बोलावणंच बंद केलं, तोंडावर हात ठेवून झाडामागे गेले, कारण मी दिसले की ती उडी घेणार. तीन तास. गावातले एक दादा बैलाचा दोर घेऊन वरच्या पुलावरून फिरून पलीकडे गेले आणि तिला बांधून त्याच पुलावरून चालवत घेऊन आले. पैसे घेतले नाहीत, नुसतं म्हणाले, "ताई, पावसात वर बघत जा, खाली बघू नका."

माऊ अजूनही बादलीत पाणी सोडल्याचा आवाज आला की पलंगाखाली जाते. सई, पट्टा सोडायचा का नाही ते तुम्ही ठरवा, पण सोडलात तर तो आणि तुम्ही पाण्याच्या एकाच बाजूला असा.

सीवूड्सची_सावली | मंगळवार, दुपारी १२:०५

बापरे. काटा आला. त्या झाडामागे जाऊन उभं राहणं मला जमलं नसतं.

खारघर_से१२ | मंगळवार, दुपारी १२:४०

आमच्या पांडवकडा धबधब्याला दर पावसाळ्यात बंदी येते ती याचसाठी. वरून पाणी कधी येईल सांगता येत नाही. दर वर्षी बातमी, दर वर्षी पोलीस, दर वर्षी रीलवाले. कुत्र्याचं सोडा.

माळावरचा | मंगळवार, रात्री ९:१५

मी नेऱ्याच्या पुढचाच आहे. धागा दोन दिवस वाचतोय. राग मानू नका पण आमची बाजूपण ऐका.

माणूस दिसेना म्हणून पट्टा सोडला असं ताईंनी लिहिलंय. माणूस दिसत नाही म्हणजे नसतो असं नाही. पहाटे आम्ही भातकापणीला शेतात वाकलेले असतो, दिसणार कसे. ऑक्टोबरअखेर भात उभं असतं नाहीतर कापून आडवं सुकत टाकलेलं असतं, त्यावरून तुमचा कुत्रा चार वेळा धावला की दाणा झडतो. बायका नदीवर कपडे धुतात, पोरं मुठे (खेकडे) पकडायला दगडं उलटत असतात, शेळ्या असतात. ठाकरवाडीतल्या कोंबड्या सकाळी सोडल्या की थेट नदीपर्यंत चरतात. दर रविवारी कोणाची ना कोणाची एक कमी होते. कोंबडी मेली त्याचं एवढं नाही, मुंगूस पण नेतं. पण गाडीवाले "सॉरी हां" म्हणतात, काच वर करतात आणि जातात. एकाने तर विचारलं, "बांधून का नाही ठेवत तुम्ही कोंबडी?"

आणि ते धरणाचं पाणी पनवेलला प्यायला जातं. त्यात शाम्पू लावून कुत्रं धुणारे मी डोळ्यांनी बघितलेत.

या जरूर. पण कापणी उरकली की या, नोव्हेंबरच्या मध्यानंतर, बांधावरून आरामात चाला. वाल पेरलेला असेल तिथे तेवढं सांभाळा.

उगाच | मंगळवार, रात्री ९:२८

वाल म्हटल्यावर मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी आठवली. जानेवारी कधी येणार.

तळोजा_फेज_टू | मंगळवार, रात्री ९:३१

भांबुर्ड्याच्या पाल्याशिवाय केली तर ती पोपटी नाही हे आधीच सांगून ठेवतो.

उल्हासित | मंगळवार, रात्री ९:३३

चिकन घालायचं की नुसत्या शेंगा आणि अंडी?

डॉ_शेपूट | मंगळवार, रात्री ९:५०

काहीही घाला, पण मडक्यातली शिजलेली हाडं कुत्र्याला घालू नका. शिजलेलं हाड चिरफाळतं, आतड्यात टोचतं. कांदापण नको त्यांना. पोपटीच्या मोसमात माझी जानेवारी यातच जाते.

@माळावरचा, पाण्याचं अगदी बरोबर. अजून एक, शी. "रानातच तर केली, खत होईल" असं म्हणतात लोक. कुत्र्याच्या शीत जंताची अंडी असतात, ती मातीत टिकतात, शेळ्या आणि उघड्या पायाची पोरं तिथेच असतात. पिशवी न्या आणि भरलेली परत आणा. झाडाला लटकवून येऊ नका.

घोडबंदरी | मंगळवार, रात्री ९:५७

ते लटकवणारे कोण असतात खरंच? उचलायचे कष्ट घेतले, गाठ मारली, मग फांदीला शोभेला?

सानपाड्याची_सई | मंगळवार, रात्री ११:४८

झोप येईना म्हणून लिहितेय. मी पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिली नाही.

खंडू परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला एक पीस चिकटलेलं होतं. एकच. तांबूस रंगाचं. रक्त वगैरे काही नव्हतं. मी ते बोटाने काढून टाकलं आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण तो आधीच चिडलेला. माळावरचा यांची पोस्ट वाचल्यापासून तेच डोळ्यासमोर येतंय.

उगाच | बुधवार, सकाळी ७:०५

आता यावर मी काही बोलत नाही.

माळावरचा | बुधवार, सकाळी ७:४०

ताई, पीस किती लांब होतं? वीतभर आणि विटकरी असेल तर कोंबडीचं नसेलही, कुंभारकुकड्याचं असेल. करंजाच्या झुडपात खालीच फिरतो तो, जड उडतो, कुत्र्याच्या तोंडात पंख येऊ शकतो.

सीवूड्सची_सावली | बुधवार, सकाळी ८:१०

कुंभारकुकडा म्हणजे?

खारघर_से१२ | बुधवार, सकाळी ८:१४

भारद्वाज.

उगाच | बुधवार, सकाळी ८:१६

गप्प बसणार होतो पण राहवत नाही. भारद्वाज दिसला तर शुभ. तोंडात आला तर किती शुभ?

सानपाड्याची_सई | बुधवार, सकाळी ८:४०

बोटभर होतं. वीतभर नाही.

वाट_वाकडी | बुधवार, दुपारी १:३०

सई, स्वतःला खायला नको घेऊ. देशी कुत्र्याच्या पिढ्यान् पिढ्या स्वतःचं खाणं स्वतः शोधण्यात गेल्यात, धावणारी कोंबडी दिसली की मागे जाणार, तो वाईट नाही झालेला. पण म्हणूनच त्याला सोडून "बघू काय करतो" हा प्रयोग करायचा नाही. मधला रस्ता आहे ना, लांब दोरी. दहा मीटरची, हार्नेसला पाठीवर बांधायची, गळ्याला नाही, कारण धावत जाऊन टोकाला पोचला की झटका मानेला बसतो. नायलॉनची घेऊ नको, सरकली की तळहात सोलून निघतो. जाड सुती. हार्डवेअरवाल्याकडे मिळते, ऑनलाइन तीच चौपट किमतीला रंगीत मिळते. हातात गुंडाळायची नाही, जमिनीवर लोळू द्यायची आणि तो निघाला की पाय द्यायचा. त्याला वाटतं सुटलोय, आपल्याला माहीत असतं नाही.

आणि नाक वापरू दे. शहरातल्या कुत्र्याला आपण पाच किलोमीटर चालवतो आणि त्याला एक खांब धड हुंगू देत नाही. नदीकाठी दोनशे मीटर जा आणि तासभर लाव. एकेका दगडावर पाच पाच मिनिटं. घरी येऊन मेल्यासारखा झोपतो की नाही बघ.

घोडबंदरी | बुधवार, दुपारी २:१५

दोरी झाडाला गुंडाळते हा स्वानुभव. सागाच्या रोपट्यांत नेलं तर तुम्ही अर्धा वेळ खाली वाकून सोडवत बसाल. पात्राच्या मोकळ्या दगडांवर बरी.

खाजकुयलीपण बघा. दिवाळीनंतर शेंगा वाळतात, कुत्र्याच्या केसात ती लव बसते आणि घरी येऊन आपण मिठी मारतो. मी मारलेली. पुढचं विचारू नका.

गवती_चहा | बुधवार, दुपारी २:४०

साप? कोणीच सापाबद्दल नाही बोललं.

डॉ_शेपूट | बुधवार, रात्री ९:२०

घोणस सगळ्यात जास्त बघते मी कुत्र्यांत, कारण ती पाचोळ्यात हलत नाही आणि कुत्रं नाक घालतं. तोंड किंवा पुढचा पाय सुजतो, भराभर. बांधायचं नाही, कापायचं नाही, कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून गाडीत. माणसांना देतात तेच सर्पविषविरोधी इंजेक्शन कुत्र्याला देतात, पण प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून निघण्याआधीच फोन करून विचारून ठेवा वाटेतल्या कुठल्या दवाखान्यात आहे. धोदाणीहून निघून नवी मुंबईत चार दवाखाने हिंडण्याइतका वेळ नसतो. लांब दोरीचा हाच मोठा फायदा, पाचोळ्याच्या ढिगाऱ्यातून वेळेत मागे ओढता येतं.

पावशेर | बुधवार, रात्री ९:२५

आणि निघताना गाडी जवळ हवी. म्हणूनच विचारतोय पार्किंग कुठे.

सानपाड्याची_सई | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:१०

धागा वर काढतेय. आज परत जाऊन आलो.

दोरी पनवेलच्या हार्डवेअरवाल्याकडून घेतली, दहा मीटर, त्याने विचारलं "गाय का म्हैस?" मी म्हटलं कुत्रा, तर त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. शिट्टीची प्रॅक्टिस घरात चालूच आहे, शेजारच्या आजोबांनी वॉचमनकडे चौकशी केली.

कापणी झालेली, बांधावरून गेलो. खंडू पहिली दहा मिनिटं मागे वळून वळून माझ्याकडे बघत होता, हात उगारतेय का म्हणून, ते बघून मलाच कसंतरी झालं. मग पात्रात उतरलो. एका पसरट खडकाच्या कपारीत त्याने नाक घातलं ते पाच मिनिटं बाहेर नाही, नुसतं फुस फुस, आणि मग आतून एक खेकडा तिरका तिरका बाहेर आला, नांगी वर करून. खंडू मागे सरकला, बसला, आणि डोकं वाकडं करून खेकड्याकडे बघत राहिला, लहानपणी बादलीकडे बघायचा तसा. खेकडा पाण्यात गेला तरी हा तिथेच. दीड तासात आम्ही जेमतेम सानपाडा स्टेशनच्या प्लॅटफॉर्मएवढं अंतर चाललो असू.

परत येताना वाडीत गेलो. नवरा नको म्हणत होता, पण तोही आला. खंडूला गाडीशी बांधलं. पहिल्याच घरात एक आजी होत्या, त्यांना सगळं सांगितलं, तारीख, वेळ, पीस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग अंगणात बघून बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या सुमाराला एक गेलीच होती. मुंगसानं नेली का तुझ्या कुत्र्यानं ते कोंबडीलाच ठाऊक." मी पाचशे दिले. त्यांनी आत जाऊन शंभर परत आणून दिले, म्हणाल्या लहान होती, चारशेचीच. आणि वर पदराखालून सहा अंडी दिली कागदात गुंडाळून.

खंडूकडे बघून म्हणाल्या, "हा तर आमच्या इकडचाच दिसतो."

वाट_वाकडी | रविवार, दुपारी ३:३५

मागे वळून बघत होता ना, ते महिनाभरात जाईल. चिकन चालू ठेव.

डॉ_शेपूट | रविवार, दुपारी ४:००

पंजे बघितलेत का आज?

सानपाड्याची_सई | रविवार, दुपारी ४:०२

गाडीतच बघितले. एक निघालं. शिवाय कानामागे एक गोचीड, सरळ ओढून काढली.

उगाच | रविवार, दुपारी ४:१०

गावठी सहा अंडी आणि चारशेची कोंबडी, म्हणजे अंडं सहासष्ट रुपयांना पडलं. ऑम्लेट जपून करा.

पावशेर | रविवार, दुपारी ४:१५

सगळं वाचलं, छान वाटलं. आता तरी कोणी सांगेल का गाडी कुठे लावायची?

माळावरचा | रविवार, रात्री ८:५०

रस्त्यात लावू नका, एसटी वळायला जागा राहत नाही. माझ्या अंगणात लावा, नंबर संदेशात पाठवतो. कुत्रा उतरायच्या आधी मला हाक मारा, कोंबड्या आत घेतो.